येतो न म्हणणारे काळसेकर

निघताना ‘जातो’ म्हणणारा मराठी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अरविंद काळसेकर. आपल्याकडे ऑपरेशनला निघालेला माणूससुद्धा उंबऱ्यात थांबून ‘येतो’ म्हणतो. काळसेकर बुटाची नाडी बांधायचे, जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढायचे आणि म्हणायचे, “जातो. मंगळवारी ऑफिसात भेटू.” मंगळवारी भेटायचेही. तरी तो ‘जातो’ कानाला टोचायचाच. आता ते खरोखरच गेले, त्याला वर्ष होत आलं, आणि अजून कुणी आमच्या दारातून ‘येतो’ म्हणून बाहेर पडलं की मला पहिल्यांदा त्यांची आठवण येते.

पहिली ठिणगी पडली ती आमच्या घरच्या गणपतीत. मी आणि माझा नवरा निखिल नुकतेच फ्रँकफर्टजवळ बाड हॉम्बुर्गला राहायला आलो होतो आणि सासूबाई पुण्याहून पहिल्यांदाच जर्मनीला आल्या होत्या. बाल्कनीत बादलीत विसर्जन झालं. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना काळसेकरांचे ओठ बंद होते, हे सासूबाईंनी बरोबर टिपलं. मग जेवणं झाली, आणि हे गृहस्थ वाटीभर उकडीच्या मोदकांचं कौतुक करून दारात उभे राहिले. “आई, जातो.”

“अहो, येतो म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या. “सणासुदीचं जातो काय म्हणता?”

“आज परत येणार नाही ना मी. मग येतो कसं म्हणू?”

“तसं म्हणायचं असतं.”

“तेच तर,” काळसेकर म्हणाले, वाकून नमस्कार केला आणि गेले. सासूबाईंनी दार लावलं. “शिकलेला दिसतो, पण वळण नाही,” असा निकाल देऊन त्या भांडी आवरायला गेल्या. पुढे दरवर्षी त्या फोनवर विचारायच्या, तो वळण नसलेला कसा आहे म्हणून. त्यांना तो आवडला होता, हे कबूल करायला त्यांनी बरीच वर्षं घेतली.

मी आणि काळसेकर एकाच ऑफिसात. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करते. मी ते लिहिणाऱ्यांत, काळसेकर तपासणाऱ्यांत. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने सडपातळ, केस अजून काळे आणि कपाळावर कायमची एक उभी आठी. त्यांच्या टेबलावरून आपलं काम परत येणार, हे लिहिणारा प्रत्येक जण धरूनच चालायचा. एकदा तर कमाल झाली. आमच्या सगळ्या स्क्रीनवर काही लोड होत असलं की ‘बिट्टं वार्टन’, म्हणजे ‘कृपया थांबा’, असं येतं. जगात सगळीकडे येतं. काळसेकरांनी ते चूक म्हणून नोंदवलं. मीटिंगमध्ये टीमचा प्रमुख हेर ब्रांट चष्मा वर करून म्हणाला, यात चूक काय आहे?

“कशासाठी थांबायचं ते लिहिलेलं नाही. कधीपर्यंत ते लिहिलेलं नाही. आणि ज्याच्यासाठी थांबायचं तो येणारच नसेल, तर तेही लिहिलेलं नाही.”

आम्ही तिघं-चौघं भारतीय खाली बघून हसू दाबत होतो. हेर ब्रांटने थोडा विचार केला आणि म्हणाला, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. जर्मन माणसावर नेमकेपणात कुणी मात केली की तो विरघळतो. पुढचा अख्खा महिना मी ते ‘कृपया थांबा’ शोधून शोधून बदलत होते आणि काळसेकरांच्या नावाने बोटं मोडत होते.

दुसरी तऱ्हा खाण्यातली. कँटीनमध्ये काकडीचं सॅलड किंवा व्हिनेगर घातलेलं बटाट्याचं सॅलड असलं की ते ताट घेऊन लांबच्या टेबलावर जायचे. शेजारच्याच्या ताटातल्या व्हिनेगरचा वासही त्यांना चालायचा नाही. एकदा आमच्या कुणाच्या तरी बायकोने घरी बोलावून कौतुकाने व्हिनेगरमधली कांद्याची कोशिंबीर वाढली, तर हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. थंडी कडाक्याची. मराठी मंडळींत त्यावर बरीच नाकं मुरडली गेली. एकट्या माणसाला नखरे परवडतात, असंही ठरलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांचं गाव रेवदंडा. खाडीपलीकडे कोर्लई, आणि तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून जुन्या पोर्तुगीजची एक बोली घरात बोलतात. शाळेत काळसेकरांच्या बाकावर तिथला एक मुलगा बसायचा. त्याच्याकडून उचललेल्या शब्दांच्या जोरावर, पुढे ते नोकरीला होते त्या पंपांच्या कंपनीने ब्राझीलला जायला कोण तयार आहे विचारलं तेव्हा बाकीच्यांनी काढता पाय घेतला आणि काळसेकर साओ पावलोला गेले. तिथून जर्मनीत. माझी मुलगी ईरा त्या गणपतीच्या सुमाराला जेमतेम तीन वर्षांची होती. मी मराठीत बोलायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. ती मराठी बोलायची फक्त काळसेकरांशी. ते खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून विचारायचे, हे काय?

“श्ल्यूसल.”

“आणि आजीच्या घरी?”

“चावी.”

“ब्राझीलच्या आजीच्या घरीही चावीच. शावी म्हणतात. आणि हात कशाने धुवायचे?”

“साबण.”

“तिकडेही साबणच, जरा नाकातून म्हणायचा.”

मग ती दोघं नाकातून साबण म्हणत घरभर फिरायची. मी एकदा विचारलं, हे शब्द आपण त्यांच्याकडून घेतले की त्यांनी आपल्याकडून? “आपण त्यांच्याकडून,” काळसेकर म्हणाले. “पाव घेतला, पगार घेतला, तुरुंग घेतला. एवढं सगळं सारखं असलं ना, की माणसाला वाटतं भाषा आली. तिथेच फसतो.” बोलता बोलता त्यांचा चेहरा पडला. ईरा त्यांच्या गुडघ्याला हलवत होती, आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

त्याच पानगळीत ईरा किटाला, म्हणजे बालवाडीला, जायला लागली. पहिल्या आठवड्यात तिथल्या बाईंनी मला बजावलं होतं, मुलीचा स्पष्ट निरोप घ्या, ‘मी आता जाते’ असं सांगा आणि जा. मला ते जड जात होतं. तीन वर्षांच्या पोरीला ‘जाते’ कसं म्हणायचं? जीभच वळेना. मी आपली तिची पापी घेऊन “येते हं” म्हणाले आणि सटकले. अकराच्या सुमाराला बाईंचा फोन आला. ईरा सकाळपासून खिडकीशी उभी होती. खेळायला येईना, खाऊ खाईना. विचारलं तर म्हणत होती, मामा कॉम्ट, आई येतेय.

मी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी हा किस्सा सांगितला. चार मराठी माणसं हसली. आपल्या लाडक्या ‘येते’ची जर्मनीत कशी फजिती, असा मी रंगवून सांगत होते. काळसेकरांनी कप खाली ठेवला.

“मुलीला जाते म्हणून सांग,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “येते म्हणून तिला उभं करू नकोस. उद्यापासून जाते म्हण.”

मला राग आला. माझी मुलगी, माझी भाषा, आणि हे कोण मला शिकवणार? दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. “शनिवारी फ्रँकफर्टला येशील? डेमो आहे. निखिलला आणि ईरालाही आण.”

त्यांचं हे डेमोचं, म्हणजे मोर्चांचं, खूळ मला ऐकून माहीत होतं. फ्रँकफर्टात कुठलाही मोर्चा असो, काळसेकर तिथे. हातात फलक नाही, तोंडाने घोषणा नाही. एका कोपऱ्यावर उभं राहायचं आणि शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत हलायचं नाही. आम्ही त्याची चेष्टा करायचो की काळसेकर मोर्चाचंही टेस्टिंग करतात.

हॉम्बुर्गहून आम्ही एस-बान लोकलने निघून हाउप्टवाखेच्या चौकात उतरलो. घरभाड्यांविरुद्धचा मोर्चा होता. बाबागाड्या, ढोल, सायकली, ब्रेझेल खात चाललेली माणसं, बाजूने गप्पा मारत चालणारे पोलिस. निखिल ईराला खांद्यावर घेऊन पुढे गेला. काळसेकर एका औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबले, मी त्यांच्याशेजारी. समोरून माणसं जात होती आणि त्यांनी रस्त्याकडे बघतच बोलायला सुरुवात केली.

साओ पावलोला त्यांच्या वरच्या मजल्यावर राइमुंदो नावाचा भूगोलाचा मास्तर राहायचा. थोराड, मोठ्याने हसणारा. काळसेकर राहायला आले त्या आठवड्यात तो दारावर थाप मारून आत आला आणि पुढे कधी थाप मारायच्या भानगडीत पडला नाही. सुट्टी लागली की दोघं लांबच्या बसने निघायचे, डोंगरातली गावं, धबधबे, समुद्रकाठ. एका बसस्टँडवर अख्खा फणस विकायला होता. राइमुंदोला तो चाकूने कलिंगडासारखा कापताना पाहून कोकणातल्या माणसाला राहवेना. काळसेकरांनी शेजारच्या खानावळीतून तेल मागून आणलं, हाताला आणि सुरीला फासलं आणि फणस असा फोडला की बस सोडायची विसरून ड्रायव्हर गरे खात बसला. तेव्हापासून राइमुंदो त्यांची ओळख ‘दोतोर जाका’ अशी करून द्यायचा. म्हणजे डॉक्टर फणस. हे सांगताना काळसेकर हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

“आणि त्यानेच मला निरोप घ्यायला शिकवलं,” ते म्हणाले. “घरी जाताना चाव म्हणायचं. मी रोज चाव म्हणायचो.”

मग बसचं भाडं वाढलं आणि पोरं रस्त्यावर आली. हळूहळू सगळं शहरच आलं. राइमुंदोचे विद्यार्थी त्यात होते, म्हणून राइमुंदो जायचा. एका संध्याकाळी काळसेकरही गेले, नुसतं बघायला. अश्रुधुरावर उपाय म्हणून सगळ्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवलेले रुमाल तोंडाला बांधले होते. एका चौकात, असाच कोपरा, असंच औषधाचं दुकान. पहिला धडाका झाला आणि पळापळ सुरू झाली.

“माझा व्हिसा कंपनीचा. पकडलं असतं तर पुढच्या विमानाने परत. मी घाबरलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जा वेन्यू.”

“म्हणजे?”

“म्हणजे येतो. मला म्हणायचं होतं येतो, घरी जातो. घाबरलेल्या माणसाचं डोकं कुठल्या भाषेत चालणार? मनात येतो आलं, तोंडातून जा वेन्यू गेलं. तिथे त्याचा अर्थ, हा आलोच, थांब.” समोरून ढोलवाले गेले. “आणि मी घरी गेलो. हातपाय धुतले. कुकर लावला.”

राइमुंदो थांबला. विद्यार्थी त्याला बाजूच्या गल्लीत ओढत होते. तो म्हणाला, माझा हिंदुस्थानी दोस्त आलोच म्हणून गेलाय, त्याला रस्ते ठाऊक नाहीत, मी इथून हललो तर तो चुकेल. मग वरच्या अंगाने लोंढा आला. काहीतरी येऊन लागलं, दगड होता की आणखी काय, कुणालाच सांगता आलं नाही. त्याचा उजवा डोळा गेला. हे काळसेकरांना हॉस्पिटलात एका विद्यार्थ्याने सांगितलं.

त्या आठवड्यातला माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला, आणि माझी पोटची पोर खिडकीशी उभी दिसायला लागली.

“त्यांना माहितीये का?” मी विचारलं. “की तुम्ही निरोप घेत होतात?”

“नाही. मी का आलो नाही, हे त्याने आजवर विचारलेलं नाही. एकदाही नाही. दर रविवारी मला बोलून मेसेज पाठवतो, पाऊस कसा आहे, फणस मिळतो का. त्याला वाटत असणार, थांब म्हणाला आणि पळून गेला.”

“मग सांगा ना फोनवर.”

“फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? त्याच्यासमोर बसून सांगायचंय. डिसेंबरात जाणार आहे.”

शेवटची बाबागाडी गेली, मागून झाडूवाली गाडी आली, तेव्हा ते कोपऱ्यावरून हलले. “जातो,” स्टेशनावर म्हणाले. “सोमवारी भेटू.” ईरा निखिलच्या खांद्यावरून म्हणाली, “जाते.” त्या दिवसापासून आमच्या घरात काळसेकरांपुरतं ‘जाते’ सुरू झालं.

त्या डिसेंबरात ते गेले नाहीत. पुढच्याही नाही. एकदा आमच्या कंपनीत नवी आवृत्ती निघायची होती, एकदा पासपोर्टचं नूतनीकरण अडकलं, एकदा काहीच कारण नव्हतं. मी विचारलं की म्हणायचे, “जाणार आहे.” मला कळत होतं की ते घाबरतात. ज्या माणसाने प्रश्न विचारला नाही, त्याला उत्तर द्यायला जाणं सोपं नसतं. आम्ही मग विचारणं सोडलं. ईरा किटातून शाळेत गेली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यानंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. ते अंगावर काढत राहिले. तपासण्या झाल्या तेव्हा हाती काही उरलेलं नव्हतं. गंमत म्हणजे त्याच सुमाराला त्यांनी खरंच तिकीट काढलं होतं. डॉक्टरबाईंनी विमानाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. काळसेकरांनी विचारलं, मग किती दिवस? तिनेही आडपडदा न ठेवता सांगितलं. “चांगली बाई आहे,” ते मला म्हणाले. “बिट्टं वार्टन नाही म्हणाली.” मी खिडकीकडे तोंड करून रडले. त्यांनी मला रडू दिलं.

नोव्हेंबरातली एक दुपार, हॉस्पिटलातली. बाहेर ते इथलं राखाडी, ज्यात सकाळ आणि संध्याकाळ एकच असते. त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. एका हाताला सलाईन, दुसरा थरथरत होता. “माझा फोन धर,” ते म्हणाले. “राइमुंदोला लाव. चेहरा दिसू दे.”

स्क्रीनवर पांढऱ्या दाढीचा मोठा चेहरा आला. चष्म्याची उजवी काच काळी. मागे खिडकीत केवढं तरी ऊन. तो काहीतरी मोठ्याने म्हणाला, त्यातलं ‘दोतोर जाका’ मला कळलं. मग काळसेकर बोलायला लागले. मला पोर्तुगीज येत नाही. पण आवाज हळूहळू बारीक होत गेला, मध्येच ‘मराठी’ असं ऐकू आलं, आणि मग ‘जा वेन्यू’. ते म्हणताना ते अडखळले आणि त्यांनी ते पुन्हा नीट म्हटलं. माझा हात भरून आला होता, पण मी फोन हलू दिला नाही.

मग राइमुंदो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. हसत हसत बराच वेळ बोलला. काळसेकर ऐकत राहिले. शेवटी त्याने हात वर केला आणि प्रत्येक अक्षर वेगळं करून म्हणाला, “जा वेन्यू, अर्विंदो.” स्क्रीन काळा झाला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणतो, तू रोजच जा वेन्यू म्हणायचास. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना माहीत होतं, हिंदुस्थानी जा वेन्यू म्हणतो आणि घरी जातो. म्हणतो, मी तुझ्यासाठी थांबलोच नव्हतो. बुटाची नाडी सुटली होती.”

मला एकदम हलकं वाटलं. “बघा काका. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही उगीच...”

“मी रोज चाव म्हणायचो, मृणाल.”

मी फोन त्यांच्या मोकळ्या हातात दिला.

“मास्तर आहे, पण खोटं बोलता येत नाही त्याला,” काळसेकर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, मी पुसलं. एवढ्या सुबक खोट्यानंतर शेवटी ‘जा वेन्यू’ म्हणून त्या माणसाला आणखी काय सांगायचं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. त्यांना कळलं असावं.

ईराची शाळा सुटायची वेळ झाली होती. मी कोट घातला, आणि सवयीने म्हणाले, “जाते काका. उद्या भेटू.”

“येते म्हणावं गं,” ते म्हणाले. अगदी माझ्या सासूबाईंच्या सुरात.

“येते,” मी म्हणाले.

फोन चार्जिंगला लावावा म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी फोन सोडला नाही. “राहू दे. येतो म्हणालाय ना तो.”

दारातून वळून पाहिलं. काळा पडलेला फोन त्या थरथरत्या हाताने छातीवर उभा धरून काळसेकर त्याच्याकडे बघत बसले होते, आणि मी दार ओढून घेतलं तरी त्यांनी मान वर केली नाही.